सहा आठवड्यांची वडी

परवा सूनबाईंनी न्हाणीघरातला माझा नेहमीचा साबण उचलला आणि त्याच्या जागी विटकरी रंगाची एक ओबडधोबड वडी ठेवली. "बाबा, हातानं केलेला आहे. हळदीचा." हिंगोलीत राहून हळदीला नाही कोण म्हणणार? पण हळद पिवळी आणि वडी विटकरी, हे कसं? मग आठवलं, पिठल्याच्या डागाला साबण लावला की डाग लाल होतो. क्षार भेटला की हळद रंग बदलते. चुना घालून कुंकू होतं, तेही असंच.

पहिला दिवस निराशेचा गेला. शॉवर सोडला, वडी घासली, फेस म्हणून काही येईना. उलट फरशीवर करडी साय साचली. दोष वडीचा नव्हता, आमच्या बोअरच्या पाण्याचा होता. जड पाण्यातला चुना साबणाला धरून बसतो. खोबरेल जास्त असलेली वडी अशा पाण्यातही बरा फेस देते. हिच्यात करडईचं तेल अधिक असावं. पुढे पागोळीचं पाणी बादलीत धरलं आणि त्यानं आंघोळ केली, तर काय सांगू, दुधासारखा फेस!

तेलाचा साबण ही काही नवी टूम नव्हे. आर्देशीर गोदरेज यांनी प्राण्यांची चरबी न घालता वनस्पती तेलाचा 'चावी' साबण १९१८ साली बाजारात आणला होता. आणि 'नैसर्गिक' या शब्दानंही फार हुरळून जाऊ नये. कॉस्टिक सोड्याशिवाय साबण होत नाही, घरी करा नाहीतर कारखान्यात. माप बरोबर असेल तर एक-दोन दिवसांत सोडा आणि तेल मिळून साबण होतो, सोडा म्हणून काही उरत नाही. ग्लिसरीन मात्र उरतं. मोठे कारखाने ते बहुधा वेगळं काढून विकतात, घरच्या वडीत ते आतच राहतं. आंघोळीनंतर माझ्या नडग्यांवर उमटणाऱ्या पांढऱ्या रेघा आठवड्याभरात कमी झाल्या, त्याचं श्रेय मी त्यालाच देतो.

साबणदाणीत पाणी साचलं तर मात्र ही वडी लोण्यासारखी होते. तशी ती झालेली पाहिली आणि मला एक फाईल आठवली.

वीसेक वर्षांपूर्वी मी एका खेड्यातल्या शाखेत होतो. बचत गटाच्या बायका साबणासाठी कर्ज मागायला आल्या. कर्ज मंजूर झालं, पहिला हप्ता पुढच्याच महिन्यात. त्यांच्यातली एक म्हातारी म्हणाली, "सायेब, वडी सहा आठवडे वाळाया ठिवावी लागती. हप्ता आधी आन् साबण मागून, हे कसं जमावं?" मार्चअखेरचा ढीग टेबलावर होता. मी नियम वाचून दाखवला. दोन महिने सवलत द्यावी अशी शिफारस मी लिहू शकलो असतो, चार ओळींचं काम होतं. लिहिली नाही.

बायकांनी हप्त्यासाठी ओल्याच वड्या आठवडी बाजारात नेल्या. वाळताना पाणी उडतं तेव्हाच वडी टणक होते. त्या वड्या गिऱ्हाइकांच्या घरी चार दिवसांत विरघळल्या. पुन्हा कोणी घेतल्या नाहीत. कर्ज त्यांनी शेतमजुरी करून फेडलं, एकही हप्ता न चुकवता. वसुलीच्या तक्त्यात माझी शाखा पहिल्या रांगेत होती.

सूनबाईंनी आणलेल्या वडीचं वेष्टन मी कचऱ्यातून काढून पाहिलं. केल्याची तारीख आणि विक्रीची तारीख, मध्ये सात आठवडे.

"कुठून घेतलीस गं?"

"बचत गटाच्या स्टॉलवरून."

"पुन्हा गेलीस तर विचार, त्यांचा पहिला हप्ता कधीपासून आहे."

"बाबा, रिटायर झालात ना?" ती हसली. "साबण कसा वाटला, ते सांगा आधी."

आणखी चार वड्या आण, म्हणालो. आणि एक लाकडी जाळीची साबणदाणी.