प्रवाळटाकीसाठी एलईडी दिवे

प्रवाळटाकीतल्या दिव्यांवर प्रवाळांचे पोट अवलंबून असते. टाकीत पाळल्या जाणाऱ्या बहुतेक प्रवाळांच्या पेशींत झूझॅन्थेली नावाचे सूक्ष्म शैवाल राहते. ते प्रकाशसंश्लेषणाने अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देते. प्रकाश कमी पडला तर प्रवाळाची उपासमार होते, अति झाला तर पेशींना इजा होते. त्यामुळे दिव्याची निवड या शैवालाची गरज पाहून करावी लागते.

पहिला प्रश्न रंगाचा. समुद्राचे पाणी लाल प्रकाश वरच्या काही मीटरांतच शोषून घेते. निळा प्रकाश मात्र खोलवर जातो. झूझॅन्थेलीतील हरितद्रव्ये आणि पेरिडिनिन हे रंगद्रव्य प्रामुख्याने 400 ते 500 नॅनोमीटरचा जांभळा-निळा प्रकाश वापरतात. म्हणून चांगल्या दिव्यात 450 आणि 470 नॅनोमीटरच्या आसपासचे निळे एलईडी सर्वाधिक, थोडे जांभळे आणि गरजेपुरते पांढरे असतात. तेजस्वी निळा एलईडी 1990च्या दशकात जपानमध्ये विकसित झाला. त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. पूर्वीचे मेटल हॅलाइड दिवे पाणी इतके तापवत की अनेकदा पाणी थंड करणारा चिलर बसवावा लागे. एलईडीमुळे ती उष्णता बरीच कमी झाली आणि प्रत्येक रंग वेगळा कमी-जास्त करता येऊ लागला.

दुसरा प्रश्न प्रमाणाचा. वॅट हे विजेच्या वापराचे माप आहे. प्रवाळापर्यंत किती प्रकाश पोहोचतो हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी ‘पार’ मोजतात, म्हणजे 400 ते 700 नॅनोमीटरमधला, प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश. मशरूम प्रवाळांना साधारण 50 ते 100, झोअँथिड आणि लेदर प्रवाळांना 100 ते 200, तर अ‍ॅक्रोपोरासारख्या कठीण प्रवाळांना 200 ते 350 पार लागतो. इथे डोळ्यांवर विसंबून चालत नाही. माणसाचा डोळा हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असल्याने निळी टाकी मंद भासते आणि दिवा वाढवावासा वाटतो. प्रत्यक्षात प्रकाश पुरेसा किंवा जास्तही असतो. लक्समीटर माणसाच्या नजरेप्रमाणेच मोजतो, म्हणून निळ्या प्रकाशात तोही फसवतो. पारमीटर महाग असल्याने काही दिवसांसाठी भाड्याने वा उसना मिळाला तरी काम भागते.

प्रकाशाच्या गरजेनुसार प्रवाळ निवडताना कायदाही पाळणे आवश्यक आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972च्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळभित्ती बांधणारे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश आहे. ते समुद्रातून काढणे वा विकणे गुन्हा आहे. मालवणच्या किनाऱ्यावरील प्रवाळांनाही हे संरक्षण लागू आहे.

दिवा पाण्यापासून साधारण 20 ते 30 सेंटिमीटर उंच टांगावा. खाली आणल्यास मध्यभागी प्रकाश तीव्र होतो आणि कडा अंधाऱ्या राहतात. वर नेल्यास प्रकाश पसरतो, पण तीव्रता घटते. लांब टाकीत एका प्रखर दिव्यापेक्षा दोन मध्यम दिवे बरे, कारण प्रकाश दोन बाजूंनी येऊन दगडांच्या सावल्या सौम्य होतात. नंतर तळ, मधली पातळी आणि दगडाचा माथा अशा तिन्ही ठिकाणी, मधोमध आणि कोपऱ्यांतही पार मोजावा व आकडे लिहून ठेवावेत. त्या नकाशावरून कोणता प्रवाळ कुठे ठेवायचा ते ठरते.

दिवे रोज 8 ते 10 तास पुरतात. टायमरने सकाळी तासाभरात प्रकाश चढवावा, संध्याकाळी तसाच उतरवावा. नव्या दिव्याची तीव्रता 30 ते 40 टक्क्यांपासून सुरू करून काही आठवड्यांत हळूहळू वाढवावी. या काळात प्रवाळांकडे लक्ष असावे. झोअँथिडचे देठ उंच ताणले गेले किंवा रंग तपकिरी होऊ लागला, तर बहुधा प्रकाश कमी पडत असतो. प्रवाळ आक्रसून फिकट पडू लागला, तर प्रकाश जास्त झालेला असू शकतो. पाण्यातल्या बिघाडानेही अशी लक्षणे दिसतात. म्हणून आधी पाणी तपासावे आणि एका वेळी एकच बदल करावा.

खाऱ्या पाण्याचे तुषार लेन्सवर मिठाचा थर चढवतात आणि प्रकाश अडवतात. दिवा बंद करून, थंड झाल्यावर लेन्स ओलसर मऊ कापडाने पुसावी. वायरला सॉकेटच्या खाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळणारे पाणी तिथेच गळून पडते. टाकीची सर्व वीजजोडणी आरसीसीबीवर, म्हणजे वीजगळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर असावी.