बजरीगरचे रंग

पाठपरिचय

हिरवा, निळा, पिवळा, पांढरा, राखी अशा नाना रंगांत आढळणारा बजरीगर हा छोटा पोपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेला असतो. हे रंग येतात कोठून, ते एका पिढीतून पुढच्या पिढीत कसे उतरतात आणि ते मिळवण्याच्या हौसेपायी या पक्ष्याला काय सोसावे लागते, याची ओळख प्रस्तुत माहितीपर लेखात करून दिली आहे.

मूळ पाठ

कोलकात्याच्या गॅलिफ स्ट्रीटवर रविवारी भरणारा बाजार असो, नाहीतर एखाद्या लहान गावातील पाळीव पक्ष्यांचे दुकान असो; तारेच्या पिंजऱ्यात दाटीवाटीने बसलेले, सतत किलबिलणारे रंगीत पक्षी येणाऱ्या-जाणाऱ्याचे लक्ष वेधून घेतात. विक्रेते आणि ग्राहक त्यांना सर्रास 'लव्हबर्ड' म्हणतात. वास्तविक लव्हबर्ड हा आफ्रिका खंडातील आखूड शेपटीचा, निराळा पोपट आहे. बाजारात त्या नावाने पुष्कळदा विकला जातो, तो ऑस्ट्रेलियाचा बजरीगर. पक्षी पाळणारे लोक त्याला लाडाने 'बजी' म्हणतात.

अशा दुकानात निळ्या पक्ष्याकडे बोट दाखवून एखादा ग्राहक हमखास विचारतो, "हा रंग खरा आहे ना?" त्याची शंका अगदीच अनाठायी नसते. मुनियांसारख्या साध्या पक्ष्यांना रंग फासून विकण्याची लबाडी आपल्याकडे होत आलेली आहे. बजीचा निळा रंग मात्र खरा असतो. तो कोणी लावलेला नसतो आणि तो पाण्याने जात नाही. गंमत अशी, की त्या निळ्या पिसात निळे रंगद्रव्य नावालाही नसते! हे कोडे उलगडायचे, तर प्रथम या पक्ष्याच्या मूळ घराकडे वळले पाहिजे.

हिरव्या थव्यांचा देश

ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात कोरडा, विरळ झाडांचा विस्तीर्ण प्रदेश आहे. तेथे बजरीगर हजारोंच्या थव्याने राहतात. त्यांची लांबी सुमारे १८ सेंटिमीटर आणि वजन ३० ते ४० ग्रॅम असते. अंग हिरवे, डोके पिवळे आणि पाठीवर व पंखांवर काळ्या लहरींसारख्या रेघा, असे त्यांचे मूळ रूप आहे. पाऊस पडून गवताला बी धरले, की तिकडे थवा धाव घेतो. पाणी आटले, की तो प्रदेश सोडतो. चांगले दिवस केव्हा येतील याचा भरवसा नसल्यामुळे अन्नपाणी मिळताच झटपट पिले वाढवण्याची क्षमता या पक्ष्याच्या अंगी आली. पिंजऱ्यात दाणापाणी कधीच संपत नाही. म्हणूनच तेथेही त्याची वीण सहज होते.

१८०५ साली जॉर्ज शॉ या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन केले. पुढे १८४० साली जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञाने काही जिवंत बजरीगर इंग्लंडमध्ये आणले. पाहता पाहता हा छोटा पोपट युरोपातील घराघरांत पोहोचला. तोपर्यंत सगळे बजरीगर हिरवेच होते. पिंजऱ्यातील पैदास वाढली, तशी १८७० नंतरच्या काळात पिवळी पिले दिसू लागली आणि १८८० च्या सुमारास बेल्जियममध्ये निळ्या रंगाचा पक्षी जन्माला आला. १९१० साली लंडनच्या प्रदर्शनात निळे बजरीगर मांडले गेले, तेव्हा पाहणारे थक्क झाले. त्यांची मागणी एवढी वाढली, की १९२० नंतरच्या दशकात जपानमधील शौकीन लोक निळ्या जोडीसाठी अवाच्या सवा किंमत मोजू लागले. पैदास वाढल्यावर हे भाव कोसळले. हौस मात्र टिकून राहिली.

पिसात रंग कसा दिसतो?

हिरव्या बजीचे पीस पाहिले, तर त्यात हिरवे रंगद्रव्य नसते. त्यात दोन गोष्टी एकत्र आलेल्या असतात. पहिली म्हणजे पिवळे रंगद्रव्य. दुसरी म्हणजे पिसाची रचना. पीस केरॅटिन या पदार्थाचे बनलेले असते. पिसाच्या तंतूंमध्ये या पदार्थाचा अतिशय सूक्ष्म छिद्रांचा, स्पंजासारखा थर असतो. प्रकाश त्यावर पडला, की त्यातील निळा भाग परत फेकला जातो. बाकीचा प्रकाश आत असलेले मेलॅनिन हे काळे द्रव्य शोषून घेते. त्यामुळे पीस निळे भासते. या निळ्यावर पिवळ्याची छटा चढली, की आपल्याला हिरवा रंग दिसतो.

निळे पीस खलात घालून कुटले, तर त्याचा निळेपणा नाहीसा होतो. रंगद्रव्य असते, तर ते चुऱ्यातही उरले असते. येथे निळा रंग रचनेतून येतो. रचना मोडली, की रंगही जातो.

आता बजीचे वेगवेगळे रंग समजून घेणे सोपे होईल. पिवळे द्रव्य तयार झाले नाही, तर हिरव्यातून पिवळे वजा होऊन निळा पक्षी उरतो आणि त्याचे डोके पांढरे दिसते. मेलॅनिन तयार झाले नाही, तर निळा भास नाहीसा होतो, काळ्या रेघाही जातात आणि लाल डोळ्यांचा पिवळाधमक पक्षी जन्मतो. त्याला 'लुटिनो' म्हणतात. दोन्ही द्रव्ये नसली, तर लाल डोळ्यांचा पांढराशुभ्र 'अल्बिनो' मिळतो. थोडक्यात, ज्याला आपण नवा रंग म्हणतो, तो येथे बहुधा जुन्यातले काहीतरी गमावल्यामुळे दिसू लागतो. सजीवाच्या जनुकात होणाऱ्या अशा बदलाला 'उत्परिवर्तन' म्हणतात. २०१७ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांच्या गटाने निळ्या बजीमागचे जनुक शोधून काढले. त्या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनात केवळ एका अमिनो आम्लाचा फरक पडतो आणि पिवळे द्रव्य बनणे थांबते, असे त्यांना आढळले.

पिढ्यांचे गणित

निळा आणि शुद्ध हिरवा अशी जोडी लावली, तर पिले कोणत्या रंगाची होतील? निळी आणि हिरवी मिसळून, असे आपल्याला वाटेल. प्रत्यक्षात सगळी पिले हिरवी निघतात. एकोणिसाव्या शतकातील पक्षीपालकांना याचे कारण सांगता आले नसते. कारण ग्रेगोर मेंडेलने वाटाण्याच्या झाडांवरून मांडलेले आनुवंशिकतेचे नियम १९०० सालापर्यंत दुर्लक्षितच राहिले होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हान्स डुंकर या जर्मन शिक्षकाने कार्ल क्रेमर या पक्षीपालकाच्या साहाय्याने बजरीगरच्या अनेक जोड्या लावून त्यांच्या रंगांचा पद्धतशीर अभ्यास केला.

प्रत्येक पिलाला रंगाचे एक जनुक पित्याकडून आणि एक मातेकडून मिळते. हिरव्याचे जनुक प्रभावी असते, तर निळ्याचे अप्रभावी. एक हिरवे व एक निळे जनुक मिळालेले पिलू हिरवेच दिसते. पण त्याच्या पोटी निळा रंग दडलेला असतो. असे दोन 'दडलेला निळा' बाळगणारे हिरवे पक्षी एकत्र आले, तर सरासरीने चार पिलांत एक निळे, दोन दडलेला निळा बाळगणारी हिरवी आणि एक शुद्ध हिरवे, असे प्रमाण पडते. दोन हिरव्या आईबापांच्या घरट्यात अचानक निळे पिलू दिसले, तर तो चमत्कार नसतो. ती आजोबा-पणजोबांची उशिरा हाती आलेली ठेव असते. दोन निळे पक्षी एकत्र आले, तर मात्र हिरवे पिलू होत नाही. जे दोघांकडेही नाही, ते पिलाला कोठून मिळणार?

लुटिनो रंगाची रीत आणखी वेगळी आहे. हे जनुक लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असते. पक्ष्यांमध्ये नराकडे अशी दोन सारखी गुणसूत्रे असतात. मादीकडे त्यांपैकी एकच असते आणि दुसरे निराळे असते. म्हणून लुटिनो नर आणि शुद्ध हिरवी मादी यांच्या सगळ्या मुली लुटिनो होतात, तर मुलगे हिरवे दिसतात आणि लुटिनोचे जनुक आत बाळगतात. घरट्यातली पिवळी पिले माद्या आहेत, हे अनुभवी पक्षीपालक त्यांच्या रंगावरूनच ओळखतो.

याशिवाय रंग गडद करणारे एक जनुक आहे. ते एकपट असले, तर हिरव्याचा गडद हिरवा व आकाशी निळ्याचा कोबाल्ट निळा होतो. दुप्पट असले, तर अनुक्रमे ऑलिव्ह आणि करडी छटा असलेला फिकट जांभळा रंग मिळतो. पंखांवरील रेघा तपकिरी करणारी, अंगावर ठिपके पाडणारी, रंग राखी करणारी जनुके वेगळीच. ही सगळी जनुके एकमेकांत मिसळत गेल्यामुळे आज बजरीगरचे शेकडो रंगमेळ दिसतात.

घरट्यातील शिस्त

हे गणित कागदावर सोपे वाटते. घरट्यात ते फार संयम मागते. प्रौढ बजीच्या नाकपुड्यांभोवतीची मांसल पट्टी नरात सहसा निळी आणि मादीत तपकिरी असते. त्यावरून जोडी निवडता येते. पक्षी तीन-चार महिन्यांत वयात येतो, पण जाणकार पालक तो दहा-बारा महिन्यांचा झाल्याशिवाय जोडी लावत नाहीत. बजी काड्या वेचून घरटे बांधत नाही. रानात तो झाडाच्या ढोलीत अंडी घालतो, म्हणून पिंजऱ्यात त्याला लाकडी पेटी किंवा भोक पाडलेले मडके देतात. मादी साधारणपणे दिवसाआड एक, अशी चार ते सहा अंडी घालते. सुमारे १८ दिवस ती ती उबवते आणि या काळात नर तिला भरवतो. पिले पाचव्या आठवड्याच्या सुमारास घरट्याबाहेर पडतात. राळा, बाजरी यांसारख्या धान्यांबरोबर हिरवा पाला आणि चुन्यासाठी समुद्रफेस देणे आवश्यक असते.

एकाच मोठ्या पिंजऱ्यात अनेक जोड्या सोडल्या, तर कोणत्या पिलाचा पिता कोण, हे सांगता येत नाही. म्हणून रंगांचा अभ्यास करणारे पालक प्रत्येक जोडी स्वतंत्र ठेवतात, पिलाच्या पायात लहानपणीच क्रमांकाची कडी घालतात आणि वहीत नोंद ठेवतात. या नोंदवहीचा उपयोग केवळ रंगासाठी नसतो. कोण कोणाचा भाऊ आणि कोण कोणाची बहीण, हे तीच सांगते.

रंगाची किंमत

ही नोंद का महत्त्वाची? दडलेला रंग लवकर बाहेर काढण्याचा सोपा मार्ग म्हणजे भावंडांचीच जोडी लावणे. दोघांकडेही तेच अप्रभावी जनुक असण्याची शक्यता अधिक असते, त्यामुळे हवा तो रंग चटकन मिळतो. परंतु निळ्या रंगाबरोबर दडून बसलेले दोषही याच वाटेने बाहेर येतात. अंडी फुटत नाहीत, पिले अशक्त निपजतात. कधी ज्याची पिसे वाढायची थांबतच नाहीत, असे पिलू जन्मते. त्याला ना उडता येते, ना नीट दिसते आणि ते बहुधा वर्षही काढत नाही. लागोपाठ वीण घेतल्याने मादीच्या शरीरातील चुना संपतो. अंडे पोटात अडकून ती दगावते. प्रदर्शनात बक्षीस मिळावे म्हणून डोके मोठे व पिसे लांब करत नेल्यामुळे काही पक्ष्यांचे डोळेही पिसांआड जातात.

आणखी एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. पक्ष्यांना माणसाला न दिसणारे अतिनील किरण दिसतात. बजीच्या डोक्यावरील पिवळी पिसे या किरणांत उजळतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात ही चमक लेप लावून मंद केली, तेव्हा जोडीदार निवडताना इतर पक्ष्यांचा त्या बजीकडील ओढा कमी झाला. आपण कौतुकाने ज्याला निळा म्हणतो, त्या पक्ष्याच्या अंगी ही पिवळी झळाळीच नसते. आपल्या डोळ्यांना जे सौंदर्य वाटते, ते त्याच्या सोबत्याच्या डोळ्यांनाही वाटेलच, असे नाही.

मग रंगीत बजी पाळूच नयेत काय? तसे म्हणण्याचे कारण नाही. बजरीगर गेली पावणेदोनशेहून अधिक वर्षे माणसाच्या सहवासात वाढत आला आहे. त्याला दयेपोटी आपल्याकडे मोकळे सोडले, तर तो कावळ्यांच्या तावडीत सापडतो किंवा भुकेने मरतो. आपल्या रानातल्या पोपटाची गोष्ट वेगळी. तो रानातच राहिला पाहिजे. त्याला पकडणे व विकणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. पिंजऱ्यातील बजीची जबाबदारी मात्र पिंजरा घेणाऱ्याचीच असते. नात्यातली जोडी टाळणे, वर्षातून दोनच विणी घेणे, अशक्त पक्ष्याला कितीही सुंदर रंग असला तरी त्याची पुढची पैदास न करणे, एवढे पथ्य पाळले तर हौस आणि करुणा एकत्र नांदू शकतात.

आता त्या ग्राहकाच्या प्रश्नाकडे पुन्हा वळू. हा रंग खरा आहे ना? होय, रंग खरा आहे. पण पक्षी विकत घेताना त्याने आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे : हा पक्षी निरोगी आहे ना?

स्वाध्याय

१. निळ्या बजीच्या पिसात निळे रंगद्रव्य नसते, हे कशावरून सिद्ध होते?

२. दडलेला निळा बाळगणारा हिरवा नर आणि निळी मादी यांची पिले कोणत्या रंगांची व साधारण कोणत्या प्रमाणात होतील, ते तक्ता करून दाखवा.

३. 'पिंजऱ्यातील नोंदवही केवळ रंगासाठी नसते.' या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.

४. तुमच्या परिसरातील एखाद्या पाळीव प्राण्याचे रूप माणसाच्या आवडीमुळे कसे बदलले आहे, याविषयी दहा ओळी लिहा.