घरच्या माणसाच्या मापाचा कुर्ता

ईद जवळ आली की चंद्रपूरचा गोल बाजार आणि वडशाची कापड दुकाने गर्दीने फुलून जातात. मुलांचे कपडे आधी होतात, मग तरुणांचे. घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी शेवटी घाईघाईने एक तयार पाकीट उचलले जाते. धडधाकट माणसाला तयार कुर्ता बसून जातो. पण पाठ वाकलेल्या, खांदा उतरलेल्या किंवा लकव्याने एक हात अधू झालेल्या माणसाचे माप कोणत्याच पाकिटावर छापलेले नसते. अशा माणसासाठी कपडा घरीच शिवावा, असे आम्हाला वाटते.

हाताने केलेल्या कपड्याच्या भेटीला आपल्याकडे मोठा मान आहे. हजरत सहल बिन साद (रजि.) यांनी सांगितलेली एक हदीस सहीह बुखारीत आहे. एका स्त्रीने काठांची चादर प्रेषितांसाठी (सल्ल.) आणली आणि ती आपल्या हातांनी विणल्याचे सांगितले. त्या वेळी त्यांना अशा वस्त्राची गरज होती. त्यांनी ते स्वीकारले आणि नेसून बाहेर आले. भेट गरजेला उपयोगी पडली, हे त्यात महत्त्वाचे. स्वतः प्रेषित (सल्ल.) आपले कपडे शिवत असत, हेही हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडून आपल्यापर्यंत आले आहे. तेव्हा सुईदोरा हे फक्त बायकांचे काम, असे मुलांना शिकवू नये.

कापडासाठी आपल्याला लांब जायला नको. चंद्रपूर जिल्ह्यातले सावली हे खादीचे जुने केंद्र. १९३६ साली गांधी सेवा संघाचे अधिवेशन तिथे भरले होते आणि गांधीजी त्याला हजर होते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा वेळी घाम टिपणारे, अंगाला न चिकटणारे सुती कापडच बरे. नागभीड आणि आरमोरीचा कोसाही आपलाच. गडचिरोलीच्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर ढिवर समाजातील लोक कोशाच्या अळ्या वाढवतात. मात्र कोसा हे रेशीम आहे आणि शुद्ध रेशीम पुरुषांना वर्ज्य आहे. म्हणून अम्मीला कोशाची ओढणी द्यावी, अब्बांसाठी खादी घ्यावी.

आमच्या घरी सासऱ्यांना लकवा झाला तेव्हा डावा हात गेला. पूर्वी फजरच्या अजानीआधी आंघोळ करून तयार होणारा हा माणूस कपडे घालायला कोणी येईल म्हणून वाट पाहत बसू लागला. डोक्यातून घालायचा कुर्ता त्यांना जमेना. नाडी एका हाताने बांधता येईना. जुम्याला मशिदीत जाणे त्यांनी बंद केले. पाय चालत होते, लाज आडवी येत होती. मग आम्ही दोघी जावांनी सावलीची खादी आणली आणि शाळा सुटल्यावर, घरचे आवरून, रोज तासभर शिवायला बसलो.

३६ इंच पन्ह्याचे ३ मीटर कापड गुडघ्यापर्यंतच्या कुर्त्याला पुरते. खादी आटते, म्हणून ती रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच कापावी. माप उभे राहून आणि बसून असे दोनदा घ्यावे, कारण आजारी माणसाचा दिवस बसण्यातच जातो. मानेच्या हाडापासून पाठीच्या बाकावरून फीत खाली न्यावी. अब्बांची पाठ पुढच्या बाजूपेक्षा २ इंच जास्त भरली. तयार कुर्ता मागून वर का चढत होता, ते तेव्हा कळले. छातीच्या घेरात ८ इंच सैल सोडले. काखेत ४ इंचांचा चौकोनी तुकडा, म्हणजे आपला जुना चौबगला, जोडला. त्यामुळे हात फारसा न उचलताही बाही चढते.

कुर्ता समोरून वरपासून खालपर्यंत उघडा ठेवावा. आम्ही आत वेल्क्रोची पट्टी लावली आणि बटणे वरून नुसती शिवली. बाहेरून पाहणाऱ्याला तो इतरांसारखाच कुर्ता दिसतो. अधू हाताची बाही २ इंच रुंद ठेवली. वुजूसाठी ती कोपराच्या वर सहज सरकली पाहिजे. पायजम्याला नाडीऐवजी इलॅस्टिक घातले. शिवणीच्या कडा आत दुमडून चपट्या कराव्यात. लकव्याच्या बाजूला कधी कधी स्पर्श कळत नाही. तिथे शिवण टोचत राहिली तरी माणूस सांगू शकत नाही, म्हणून त्या बाजूची कातडी अधूनमधून पाहावी.

घालताना अधू हात आधी बाहीत घालावा, काढताना तोच शेवटी काढावा. एवढा एक नियम घरातल्या सगळ्यांना माहीत असला की ओढाताण टळते. अब्बांनी चार दिवस सराव केला. पाचव्या दिवशी दार लावून घेतले आणि बऱ्याच वेळाने कुर्ता घालून एकटेच बाहेर आले. "कॉलर नीट बसली का?" एवढेच त्यांनी विचारले. बसली नव्हती, पण ती आम्ही सरळ केली नाही. त्यांनी आरशासमोर जाऊन स्वतःच केली. त्या जुम्याला ते नातवाचा हात धरून मशिदीत गेले.

शिवणयंत्र नसेल तर धावदोरा आणि उलटी टीप एवढ्यावरही असा कुर्ता होतो. काठ थोडा वाकडा गेला तरी चालेल. माप मात्र काळजीने घ्यावे. आमच्या शाळेतल्या मुलांना आम्ही गणिताच्या तासाला घरच्या एका वडीलधाऱ्या माणसाचे माप घेऊन यायला सांगतो. कित्येक मुले आजोबांच्या इतक्या जवळ पहिल्यांदाच बसलेली असतात.

मापे एका वहीत तारीख घालून लिहून ठेवावीत. आजारी माणसाचे अंग वर्षभरात बदलते. पुढच्या ईदला जुन्या मापावर कात्री चालवू नये, फीत घेऊन पुन्हा त्यांच्याजवळ बसावे.