उड्डाणाला उशीर झाला तर

उशीर म्हणजे केवळ वेळेची हानी, असे आपण समजतो. लहान विमानाच्या वैमानिकाचे तसे नसते. आपल्या चंद्रपूरजवळची मोरव्याची धावपट्टीच घ्या. मे महिन्यात सकाळचे उड्डाण दुपारवर गेले, की पारा ४५ अंशांच्या आसपास चढतो. तापलेली हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही घटतो. सकाळी मांडलेले धावेचे गणित तेव्हा पुन्हा मांडलेच पाहिजे. पुढे तर गडचिरोलीचे दाट जंगल! उशिरामागून घाई येते. अशा वेळी तपासणी चालू असता कोणी हाक मारली, तर यादी पहिल्यापासून वाचावी, हा नियम मला फार पटला. १९३५ साली अमेरिकेत बोइंगचे नवे विमान शेपटीच्या सुकाणूंचे कुलूप न काढताच उडाले नि कोसळले. लेखी यादीची प्रथा त्यानंतर रुजली.