छाती, पाय आणि पेपर

फौजेत जायला छाती लागते, असे आपण सहज म्हणून जातो. ती किती लागते, हे मात्र नियमात लिहिलेले आहे : ७७ सेंटिमीटर, आणि श्वास भरल्यावर आणखी ५ सेंटिमीटर फुगली पाहिजे! देशप्रेम मोजायची पट्टी अजून निघालेली नाही. परंतु शिपाई व्हायला निघालेल्या पोराचे बाकी सारे काही मोजले जाते.

वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यात कामरगाव आहे. कपाशी, सोयाबीन आणि तूर यांचा हा मुलूख. तेथे माझे जाणेयेणे असते. पहाटे फिरायला निघालो की रस्त्यावर पाचसहा पोरे पळताना हमखास भेटतात. एकाच्या हातात घड्याळ असते आणि बाकीच्यांच्या छातीचे भाते झालेले असतात.

त्या घड्याळाचे महत्त्व शहरातल्या वाचकांना सांगितले पाहिजे. भरतीच्या मैदानावर १६०० मीटर पळायचे असतात. साडेपाच मिनिटांत पुरे केले, तर ६० पैकी ६० गुण. एक सेकंद उशीर झाला, की ४८! पुढे आडव्या दांड्याला लोंबकळून हनुवटी वर न्यायची. दहा वेळा जमले तर ४० गुण. नऊ फुटांचा चर ओलांडणे आणि नागमोडी फळीवरून तोल सांभाळून जाणे, याला गुण नाहीत; पण जमले नाही तर घरचा रस्ता.

पण खरी गंमत पुढेच आहे. १४ जून २०२२ रोजी ‘अग्निपथ’ योजना जाहीर झाली. पूर्वी आधी मैदान आणि मग लेखी परीक्षा असे. २०२३ पासून हा क्रम उलटला. आता आधी संगणकावरचा पेपर. त्यात पार पडेल त्यालाच मैदान दिसणार. सामान्य शिपायासाठी एका तासात पन्नास प्रश्न : सामान्य ज्ञान, विज्ञान, गणित. चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात ते वेगळेच.

“पाय त पयते सर, पेपरच अडते!” एक पोरगा मला म्हणाला. पाहतो तो त्याच्या हातातले सरावाचे पुस्तक हिंदी. शाळा सारी मराठीत झालेली. ‘अभाज्य संख्या’ पाहून तो थबकला होता. “अरे, ही तर आपली मूळ संख्या!” असे सांगताच त्याने गणित दोन मिनिटांत सोडवले. ‘औसत’ म्हणजे सरासरी हे कळायला बुद्धी कमी पडत नव्हती, शब्द कमी पडत होता.

२०२५ पासून हा पेपर तेरा भाषांत देता येऊ लागला, आणि त्यांत मराठी आहे. आयुष्यभर मराठी शिकवणाऱ्याला यापरता आनंद कोणता? परंतु दार उघडले म्हणून वाट सोपी झाली असे नव्हे. मराठीत पेपर आणि हिंदीत अभ्यास, ही फुगडी थांबायला हवी. त्यासाठी आठवी-नववी-दहावीची आपलीच पाठ्यपुस्तके पुन्हा काढून बसले, तरी निम्मे काम होते.

आणि पोरांजवळ वेळ थोडा असतो. योजना आली तेव्हा वयाची अट साडेसतरा ते एकवीस अशी ठरली. निवड झाली तरी नोकरी चार वर्षांची. पुढे कायम होणार ते फार तर शंभरांत पंचवीस. बाकीचे पंचविशीच्या आतबाहेर गाठीला काही लाख रुपये घेऊन परत येणार. तेव्हाही मैदानापेक्षा पेपरच पुढे उभा राहणार आहे.

आपल्या घरी मुलांना गणिताची शिकवणी असते. दिवाळीला गावी जाल, तेव्हा पहाटे पळणारी पोरे दिसली तर नुसते कौतुक करू नका. संध्याकाळी त्यांना दिव्याशेजारी बसवा आणि तासभर मराठीत गणित शिकवा. पळायचे काय ते त्यांना येते!