रुग्णशय्येवरील एक अबोल शंका

आमच्या परिचयाच्या एका सुशिक्षित घरांतील ही गोष्ट. धाकट्या सूनबाईंच्या स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया होऊन केमोथेरपी सुरू झाली होती. औषधाच्या दुसऱ्या खेपेनंतर दहाव्या दिवशीं गुह्यांगास असह्य खाज सुटली, अंगावरून दह्यासारखें पांढरें जाऊं लागलें व लघवीच्या वेळीं आग होऊं लागली. यजमानांची नोकरी फिरतीची. बाईंच्या मनांत नको तो संशय शिरला. केस गळाले त्याबद्दल सारें घर हळहळलें होतें. ह्या दुखण्याविषयीं मात्र सासूबाई, जाऊबाई व नणंदा यांनीं गजबजलेल्या त्या घरांत त्यांच्या तोंडून शब्द निघेना.

असा संशय येणें स्वाभाविक खरें, परंतु बहुधा तो निराधार असतो. कॅन्डिडा नांवाची बुरशी निरोगी माणसाच्याही तोंडांत व आंतड्यांत, आणि पुष्कळ स्त्रियांच्या योनिमार्गांत, अल्प प्रमाणांत नांदत असते. शरीराची प्रतिकारशक्ति व तेथील उपकारक जंतु तिला आवरून धरतात. केमोथेरपीचीं औषधें झपाट्यानें वाढणाऱ्या पेशींवर घाला घालतात. त्यांत कर्करोगाच्या पेशींबरोबर अस्थिमज्जेंतील पेशीही सांपडतात, आणि साधारणतः ७ ते १४ दिवसांनीं रक्तांतील पांढऱ्या पेशी अगदीं रोडावतात. त्यांतच अँटिबायोटिक किंवा स्टेरॉइड दिलेलें असलें कीं बुरशीस रान मोकळें मिळतें. ती परक्या ठिकाणाहून आणावी लागत नाहीं!

पाण्यानें भरलेल्या फोडांची गोष्ट याहून नाजूक आहे, कारण हर्पिस हा खरोखरच संसर्गाचा रोग. परंतु त्याचा विषाणु एकदां शरीरांत शिरला कीं मज्जातंतूंच्या मुळाशीं जन्मभर दडून राहतो. कित्येकांना तो आल्याचा पत्ताही नसतो. प्रतिकारशक्ति खालावली कीं अनेक वर्षांनीं तो डोकें वर काढतो. तेव्हां आजचा फोड म्हणजे कालच्या वर्तनाचा पुरावा नव्हे. उपदंशासाठीं करतात ती व्हीडीआरएल ही रक्तपरीक्षाही कधीं कधीं, कर्करोग्यांतसुद्धां, खोटा कौल देते. म्हणून दुसऱ्या परीक्षेनें तिची खातरजमा करतात. लघवीची आग तर सायक्लोफॉस्फामाइडसारख्या औषधानें मूत्राशयास दाह होऊनही होते.

खरा गुह्यरोग निघणारच नाहीं असें नव्हे. निघाला तर परमा व उपदंश अँटिबायोटिकनें बरे होतात. मात्र उपचार पतिपत्नी दोघांनींही घ्यावा लागतो. कोणता रोग आहे हें तपासणीवांचून डॉक्टरांसही सांगतां येत नाहीं, मग अंथरुणावर पडून तर्क करणाऱ्यास कोठून येणार? तुरटीच्या पाण्याचे घरगुती उपायही ह्या दिवसांत नकोत. आणि ताप १००·४ अंशांवर गेला, तर सकाळची वाट न पाहतां इस्पितळ गांठावें. पांढऱ्या पेशी रोडावलेल्या असतांना साधा जंतुदोषही कांहीं तासांत प्राणावर बेततो.

त्या बाईंनीं चार दिवस सारें लपविलें. चवथ्या रात्रीं ताप १०१ वर गेला. उशाशीं बसलेल्या थोरल्या जाऊबाईंपाशीं त्यांना रडूं फुटलें.

"अग, मग आधीं कां नाहीं बोललीस?" एवढेंच म्हणून जाऊबाईंनीं गाडी काढविली.

इस्पितळांत रातोरात शिरेंतून औषध सुरू झालें. तपासणींत निघाली ती कॅन्डिडाच. यजमान फिरतीवरून धांवत आले, तेव्हां डॉक्टरांनीं दोघांनाही समोर बसवून सर्व समजावून सांगितलें. घरीं परततांना दोघेंही बराच वेळ कांहीं बोललीं नाहींत. मग बाईंनीं आपल्या संशयाची हकीकत त्यांना स्वतःच सांगितली.