एमबीबीएस, एमडी, डीएम : कोणत्या डॉक्टरकडे कधी जायचे?

काही महिन्यांपूर्वी रावेर तालुक्यातले ६८ वर्षांचे एक आजोबा चक्कर येते म्हणून माझ्याकडे आले. मुलाच्या हातात तीन फाइली होत्या. दम लागतो म्हणून हृदयविकारतज्ज्ञ, पायावर सूज आली म्हणून किडनीचे डॉक्टर आणि गुडघ्यांसाठी हाडांचे डॉक्टर, असे तिघांना तीन महिन्यांत दाखवून झाले होते. मी सगळ्या गोळ्या टेबलावर मांडल्या. रक्तदाबाची एकच गोळी दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावाने रोज दोनदा पोटात जात होती. सोबत गुडघ्यांसाठी रोजची वेदनाशामक गोळी होती. अशा गोळीमुळे अंगावर सूज वाढू शकते आणि किडनीवर ताण येतो.

तिन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर होते. पण एकाची फाइल दुसऱ्याला कुणी दाखवलीच नव्हती. मी आजोबांना जळगावातल्या एका एमडी फिजिशियनकडे पाठवले. त्यांनी औषधांची एकच यादी केली आणि वेदनाशामक बंद केले. पुढच्या भेटीत चक्कर थांबली होती, सूजही उतरली होती.

मुलाने मला विचारले, "डॉक्टर, आम्ही तर मोठ्या डॉक्टरांकडेच गेलो होतो. मग चुकलं कुठे?" हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

या पदव्यांचा अर्थ काय?

एमबीबीएस : साडेचार वर्षे अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. मी स्वतः एमबीबीएस आहे. सर्वसाधारण आजार ओळखणे, उपचार करणे आणि गरज पडल्यास वेळेत पुढे पाठवणे हे आमचे काम.

एमडी मेडिसिन : एमबीबीएसनंतर नीट-पीजी परीक्षा देऊन आणखी तीन वर्षे. यालाच आपण फिजिशियन म्हणतो. डीएनबी मेडिसिन ही राष्ट्रीय परीक्षा मंडळाची त्याच तोडीची पदवी आहे.

डीएम : एमडीनंतर नीट-एसएस परीक्षा देऊन एकाच अवयवाच्या किंवा आजारांच्या एका गटाच्या अभ्यासासाठी आणखी तीन वर्षे. कार्डिओलॉजी म्हणजे हृदय, नेफ्रोलॉजी म्हणजे किडनी, न्यूरोलॉजी म्हणजे मेंदू व नसा, एंडोक्रायनॉलॉजी म्हणजे थायरॉइड, मधुमेह आणि इतर हार्मोन्सचे आजार.

म्हणजे डीएम होईपर्यंत साडेअकरा वर्षे लागतात. मधल्या परीक्षांच्या तयारीची वर्षे वेगळीच.

पाटीवर नुसते "एमडी" दिसले तर पुढचा विषय जरूर वाचा. एमडी पॅथॉलॉजीमध्येही होते, आयुर्वेद आणि होमिओपॅथीमध्येही होते. काही महिन्यांचे प्रमाणपत्र किंवा फेलोशिप उपयोगी असू शकते, पण ती डीएमच्या बरोबरीची नाही. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक प्रिस्क्रिप्शनवर छापलेला असावा असा नियम आहे. तो विचारण्यात संकोच नको.

निवासी डॉक्टर म्हणजे शिकाऊ पोरगा का?

नाही. धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा जळगावच्या सिव्हिलमध्ये रात्री दोन वाजता तुमच्या पेशंटला तपासणारा निवासी डॉक्टर एमबीबीएस झालेला, नोंदणी असलेला पूर्ण डॉक्टर असतो. तो तज्ज्ञ होण्यासाठी तीन वर्षे रुग्णालयातच राहून, वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करतो.

मेडिसिनच्या निवासी डॉक्टरला या तीन वर्षांत सर्पदंश, कीटकनाशकाची विषबाधा, डेंग्यू, टीबी, हार्ट अटॅक, लकवा, मधुमेहाची बेशुद्धी असे सगळे पाहावे लागते. कापूस-केळीच्या आपल्या पट्ट्यात यातले बरेच रोजचेच. खूप आजार एकत्र पाहिल्यामुळेच "दम नेमका कशामुळे? हृदय, फुप्फुस, किडनी की रक्त कमी?" हा विचार करण्याची सवय फिजिशियनला लागते.

जिल्हा निवासी कार्यक्रमानुसार एमडी-एमएस करणाऱ्या डॉक्टरांना शिक्षणाच्या काळात तीन महिने जिल्हा पातळीच्या रुग्णालयातही काम करावे लागते. त्यामुळे मोठ्या शहरात शिकणारा डॉक्टरही जिल्ह्याच्या ठिकाणी भेटू शकतो.

मग डीएम डॉक्टरांची गरज कधी?

डीएम म्हणजे फिजिशियनपेक्षा "मोठा" डॉक्टर, असा समज आहे. खरे तर त्यांचे ज्ञान एका विषयात खूप खोल असते. अँजिओप्लास्टी, डायलिसिसचे नियोजन, औषधांना दाद न देणारे फिट्स, निदान न होणारा हार्मोनचा आजार, अशा वेळी त्यांना पर्याय नाही. पण आजार कोणत्या अवयवाचा हेच ठरलेले नसेल, किंवा एकाच माणसाला बीपी, शुगर, दमा आणि गुडघेदुखी असे सगळे असेल, तर आधी फिजिशियन गाठा. कुठे पाठवायचे ते तेच ठरवतील. तुमचा खर्च आणि चकरा दोन्ही वाचतील.

तातडीच्या वेळी शहर शोधू नका

हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. छातीत जोरात दुखते, घाम फुटतो, आणि घरचे गाडी काढून थेट नाशिकला निघतात. धुळ्याहून नाशिक दीडशे किलोमीटरच्या वर आहे, जळगावहून त्याहून लांब. तेवढ्या वेळात हृदयाचा स्नायू मरत असतो. आधी जवळच्या रुग्णालयात ईसीजी काढा. दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी शक्य नसेल, तर रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन, चालण्यासारखे असेल तर, फिजिशियन तिथेच देऊ शकतात. त्यानंतर पुढे नेणे जास्त सुरक्षित.

तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलताना अडखळणे ही लकव्याची लक्षणे. यात जिथे सीटी स्कॅन आहे अशा जवळच्या रुग्णालयात लगेच न्या. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत आहे.

घरच्यांनी एवढे करा

१. एका पेशंटची एकच फाइल ठेवा. ती प्रत्येक डॉक्टरला दाखवा.
२. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून सोबत न्या. मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या आणि आयुर्वेदिकही.
३. नवीन गोळी मिळाली की विचारा : जुन्यापैकी कोणती बंद करायची?
४. तज्ज्ञांकडून आल्यावर कागद आपल्या नेहमीच्या डॉक्टरला दाखवा.
५. कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

ते आजोबा आता दर महिन्याला बीपी तपासायला येतात. हृदयाचे डॉक्टर त्यांना आजही लागतात, पण वर्षातून दोनदाच. आणि प्रत्येक वेळी ती एकच फाइल त्यांच्या काखेत असते.

*हा लेख माहितीसाठी आहे. उपचारांचा निर्णय आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.*